दिवाणाच्या पोटातलं, माळ्यावरचं, कपाटामागचं : न दिसणारी अडगळ कशी काढता?

इंदिरानगर_गोदाकाठ (धागाकर्ती)

पितृपंधरवडा लागला. या दिवसांत आपल्याकडे नवीन काही घरात आणत नाहीत, त्यामुळे घरातलं बाहेर काढायला मला हेच दिवस सोयीचे वाटतात. घटस्थापनेच्या आधी जळमटं काढणं, पडदे धुणं, डबे घासणं घरोघरी होतंच, त्यासाठी वेगळा धागा नको. मला बोलायचंय ते त्या साफसफाईतून दरवर्षी सुटणाऱ्या जागांबद्दल: दिवाणाचं पोट, माळा, फ्रीजच्या वरचं, लोखंडी कपाटामागची फट, ओट्याखालची कोपऱ्यातली ट्रॉली, देवघराखालचा खण. पाहुण्याला घर लख्ख दिसतं. घरात राहणाऱ्या बाईला मात्र कोणत्या झाकणाखाली काय आहे ते पक्कं ठाऊक असतं, आणि पाठ टेकली तरी ते डोक्यातून जात नाही.

यंदा आम्ही आतल्या खोलीतला दिवाण पूर्ण रिकामा केला. आत होत्या जुन्या गाद्या, आहेरातले स्टीलचे डबे (देणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या), ओटीच्या ब्लाऊजपीसांचं गाठोडं, खोक्यातून कधीच न निघालेला कुकर, बंद पडलेला मिक्सर, धाकट्या दिरांची डिप्लोमाची पुस्तकं, सासऱ्यांचे एक्स-रे, त्यांचा वॉकर, नणंदेच्या रुखवतातला मोत्यांचा कलश आणि कुठल्याच फोनला न बसणारे चार्जर.

सगळं फरशीवर मांडून बसले तेव्हा लक्षात आलं, की यातलं जवळजवळ काहीच ‘हवं’ म्हणून ठेवलेलं नाही. प्रत्येक वस्तूपाशी काहीतरी ठरवायचं राहून गेलंय. मिक्सर दुरुस्त करायचा की मोडीत घालायचा, ठरलं नाही. पुस्तकं दिरांना विचारून द्यायची होती, पण फोनवर तो विषय कधी निघाला नाही. कलश दिला तर नणंदेला काय वाटेल? म्हणून तो तसाच. अशी न ठरलेली कामं आपण गादीखाली ठेवतो आणि वर झोपतो. मनाला शांतता हवी असेल तर वस्तू हलवून उपयोग नाही, राहिलेलं ठरवून टाकायला हवं.

म्हणून कपडे, भांडी, कागद असे ढीग घालायच्या ऐवजी मी निर्णय कोणाकडे अडलाय त्याप्रमाणे ढीग घातले. जे माझ्या अखत्यारीतलं ते त्याच दिवशी निघालं. नवऱ्याचं आणि मुलांचं त्यांच्यासमोर ठेवलं, पाठीमागे एक कागदही टाकला नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच्या वस्तू गुपचूप टाकल्या की घरातला विश्वास जातो आणि माणसं पुढच्या वेळी जास्त लपवतात. बाहेरगावच्यांना फोटो पाठवले आणि मुदत दिली: दिवाळीला आलात की घेऊन जा, नाहीतर इथेच कोणाच्या उपयोगी पडेल असं देऊ. दिरांचा त्याच संध्याकाळी निरोप आला, “वहिनी, द्या हो कोणालाही.” इतकी वर्षं पुस्तकं पडून होती ती फक्त कोणी विचारलं नाही म्हणून.

शेवटचा ढीग अवघड. जे माणूस आता नाही त्याच्या वस्तूंचं कोणी ठरवायचं? आमच्याकडे ते सासूबाईंनीच ठरवायचं असं झालं, आणि त्यांना घाई करायची नाही असंही. त्यांनी चष्मा आणि एचएमटीचं घड्याळ स्वतःकडे ठेवलं. वॉकर पाहिल्यावर म्हणाल्या, “हा कशाला अडवून ठेवलात, कोणाचं तरी चालणं अडलं असेल.” तो मी रुग्णसाहित्य वापरायला देणाऱ्या जवळच्या केंद्रात पोचवला.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हा नाशिककरांच्या घरी कोण कोण उतरतं ते सांगायला नको, अंथरुणं ठेवायला जागा लागणारच. तुम्ही कुठून सुरुवात केलीत? आणि एक्स-रे, जुनी औषधं, मोबाइल, देवांच्या तसबिरी यांचं काय करता? हे चारही माझ्याकडे अजून कोपऱ्यात उभे आहेत.

म्हसरूळची_चिमणी

ताई, ब्लाऊजपीसांचं गाठोडं कोणाच्या घरात नाही! ते कधीच शिवले जात नाहीत, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात. पन्ना अपुरा, रंग कुठल्याच साडीला न जाणारा. तीच गत संक्रांतीच्या वाणाची. गाळण्या, साबणदाण्या, प्लॅस्टिकच्या वाट्या. लुटणाऱ्या बाईला आनंद, नेणारीच्या घरात भर. आमच्या भिशीत आता ठरवून वाण म्हणून गूळ, तिळाची पुडी, हळद असं संपणारं देतो. सुरुवातीला दोघीतिघींनी नाकं मुरडली, आता मागून घेतात.

साठलेले पीस आम्ही वाकळ शिवणाऱ्या मावशींना दिले. सुती पीस आत थराला चालतात, वरून जुन्या नऊवारीचा पदर. पॉलिस्टरचे त्या घेत नाहीत, सुई अडकते आणि ऊबही येत नाही म्हणतात. त्याच्या पिशव्या शिवून घेतल्या.

जेलरोडकर

मला हे घर रिकामं करायचं वेड पटत नाही. आमच्या वडिलांनी खिळे सरळ करून परत वापरले. घरात एक पत्र्याचा डबा होता, त्यात वायसर, स्क्रू, नळाच्या चकत्या. रविवारी नळ गळायला लागला तर दुकान उघडायची वाट बघावी लागायची नाही. ‘लागतं कधीतरी’ हे खोटं नाही. आणि तुम्ही टाकता म्हणजे ते जातं कुठे? घंटागाडीतून पाथर्डीच्या खतप्रकल्पावर. तुमच्या दिवाणातून निघालं आणि तिथल्या ढिगावर चढलं, एवढंच.

इंदिरानगर_गोदाकाठ

काका, तो डबा मी सुद्धा ठेवेन. तुम्हाला त्यात काय आहे ते माहीत होतं आणि हात घातला की वस्तू सापडत होती. मी बोलतेय ते ज्याचं आपल्याला नावही आठवत नाही त्याबद्दल. टाकण्याबद्दलचं तुमचं म्हणणं अगदी मान्य, म्हणूनच कुठे द्यायचं ते इथे विचारतेय.

अंबड_पहिली_पाळी

जेलरोडकर काकांच्या शंकेला कारखान्यात एक चांगलं उत्तर आहे. अंबड-सातपूरच्या कित्येक कंपन्यांत 5एस चालतं, जपानी पद्धत. त्यातला पहिला एस म्हणजे लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं. खरी मेख लाल टॅगमध्ये आहे. एखादा फिक्श्चर, जुना डाय, मोटर कामाची आहे की नाही यावर एकमत होत नाही, तेव्हा भांडत बसायचं नाही. त्यावर लाल चिठ्ठी लावायची: वस्तू काय, कोणत्या विभागाची, कोणी लावली, तारीख. मग ती ठरलेल्या जागेत हलवायची. मुदतीत कोणी मागायला आलं तर परत द्यायची, नाही आलं तर वरिष्ठांची सही होऊन बाहेर. फेकायचंही नाही आणि जागेवर ठेवायचंही नाही, अशी ही मधली सोय आहे.

घरी मी हेच केलं. नवरा-बायकोचं पटत नव्हतं ते सगळं एका खोक्यात, वर मार्करने तारीख आणि आत काय त्याची यादी. पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत खोकं उघडायची वेळ आली नाही तर दोघांनी मिळून द्यायचं. यादी बाहेरून चिकटवणं गरजेचं आहे. नाहीतर ते खोकंच नवीन अडगळ होतं.

आणि माळ्यावर जे ठेवाल ते पारदर्शक डब्यात ठेवा. पोत्यात, चादरीत बांधलेलं कोणी खाली काढत नाही.

वेखंड

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, तर माझ्या कामाच्या दोन-तीन गोष्टी.

औषधं: घरोघरी डब्यात अर्धवट अँटिबायोटिकची पट्टी असते, ‘परत ताप आला तर’ म्हणून. ती पुढच्या तापाला स्वतःहून देऊ नका. पातळ करून बनवलेलं अँटिबायोटिक सिरप तर थोड्याच दिवसांत बाद होतं, महिन्यांनी ते वापरायचा प्रश्नच येत नाही. मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. पट्ट्या कात्रीने कापा, म्हणजे कोणी उचलून परत वापरणार नाही, आणि वेगळ्या पिशवीवर ‘मुदत संपलेली औषधे’ लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. औषधं, सीएफएल दिवे, बॅटऱ्या, रंगाचे डबे, पाऱ्याचा थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा धरला जातो, ओल्या-सुक्यात मिसळायचा नाही. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडूने झाडू नका, पारा जास्त पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा, आणि जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

बाळंतविडा: पहिल्या मुलाची झबली, दुपटी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली असतात आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी थेट अंगावर चढतात. काही बाळांमध्ये जी6पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होते. घरी कोणाला त्या कमतरतेची कल्पना नसते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी घालूच नका. वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी पुरते. आधी गोळ्या घातल्या असतील तर ते कपडे वापरायला काढू नका.

तिसरी जागा गच्ची. कुंड्यांखालच्या थाळ्या, टायर, कूलर, पत्र्याआडची बादली. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पहिल्या पावसात फुटतात. त्यामुळे कूलर नुसता ओतून चालत नाही, आतून घासायला हवा. भाद्रपदात आमच्याकडे डेंग्यूच्या मुलांची रांग लागते ती उगीच नाही.

मोड_आणि_माप

आमचा तीन पिढ्यांचा भंगाराचा धंदा. इथे लिहिणारे भंगारवाल्याला शेवटी बोलावतात, त्याला आधी बोलवा असं मी सांगेन, कारण वेगवेगळं करून दिलं तर तुमचेही दोन पैसे होतात आणि मालही वाया जात नाही.

सगळ्यात जास्त भाव तांब्याला, मग पितळ, मग ॲल्युमिनियम, लोखंड सगळ्यात खाली. जुने नळ बहुतेक पितळेचे असतात, वरचा मुलामा बघून लोक लोखंडात देऊन टाकतात. कानशीने जरा घासून बघा, पिवळं दिसेल. स्टीलला लोहचुंबक लावून पाहा: चिकटला नाही तर माल चांगला, भाव वेगळा मिळतो. वायरी जाळून तांबं काढू नका, कोणी काढत असेल तर त्याला देऊ नका. तो धूर विषारी असतो. रद्दीत वर्तमानपत्र, वह्या, पुठ्ठा यांचे भाव निरनिराळे. चकचकीत वेष्टणं आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्या रद्दीत चालत नाहीत.

ताईंच्या एक्स-रेबद्दल: त्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढणारे वेगळे व्यापारी आहेत. डॉक्टरांना विचारून लागणार नसतील तर नाव असलेला कोपरा कापून टाका आणि एकत्र द्या. मोबाइल, चार्जर, लॅपटॉप मात्र गल्लीतल्या भंगारात नकोत. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलनाला द्या. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून फोन रीसेट करा. बॅटरी फुगलेली दिसली तर फोन दाबू नका, चार्जिंगला लावू नका आणि दिवाणात तर अजिबात ठेवू नका. ती पेट घेते.

तांबटआळी

आम्ही जुन्या नाशकातले, वाड्यात वाढलो. इथल्या फ्लॅटवाल्यांना माळा म्हणजे बाथरूमवरची फळी वाटते. आमचा माळा म्हणजे सागवानी तुळयांवरचं लाकडी तक्तपोशीचं अख्खं मजलाभर दालन. त्यावर घंगाळं, हंडे, पराती, लग्नाची भांडी, जुन्या चौकटी, कौलांचा ढीग. हे वजन कोणी मोजत नाही. तुळईच्या टोकाला भिंतीत ओल धरली की लाकूड कुजतं, वरून मणामणाचं सामान, आणि पावसाळ्यात वाड्याची भिंत बसते. दरवर्षी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात, तरी माळा कोणी हलका करत नाही. तुमचा वाडा उभा असेल तर आधी माळ्यावरचं उतरवा, बाकी सगळं नंतर. उतरवताना एका बाजूनं सगळं खेचू नका, आणि तुळईत टाचणी टोचून बघा. सहज आत गेली तर त्या भागावर पाय ठेवू नका.

खालच्या मजल्याचं उलटं. सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरतं हे काय सांगायचं. ऑगस्ट 2019 च्या पुरात गंगेचं (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर टेकलं ते बघत आम्ही दुकानातला माल वर चढवत होतो. ज्यांच्या जिन्याखाली वर्षानुवर्षांचं ठासलेलं होतं, त्यांना कामाची वस्तू शोधायलाही वेळ मिळाला नाही. कागदपत्रं, औषधं, दागिने यांची एक पिशवी वर, हाताशी. ती कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत हवं.

आता एक विनंती. जुन्या वाड्यात रुमालात बांधलेली मोडी लिपीतली दप्तरं सापडतात. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत जातात, हे पाहून जीव तुटतो. त्यात घराचे करार असतात, तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, तिथे विचारा, किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जुनी नाणी सापडली तर चिंच लावून घासू नका. वरचा थर गेला की नाण्याची माहितीही जाते आणि किंमतही. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, 1980 पासूनची, तिथले लोक जाणतात.

निवृत्त_प्रेसकामगार

नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे माझ्याकडे लोक एकच प्रश्न घेऊन येतात. आजीच्या तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, पोथीत 500-1000 च्या जुन्या नोटा सापडल्या, काय करू?

8 नोव्हेंबर 2016 ला बाद झालेल्या नोटा आता कोणी बदलून देत नाही. देतो म्हणणारा फसवतोय, त्याच्या नादी लागू नका. 2017 च्या कायद्याप्रमाणे अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी ती मर्यादा पंचवीसची आहे. दंड 10,000 रुपयांपर्यंत किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपटीपर्यंत, यातलं जे जास्त असेल तिथवर. आठवण म्हणून एखाददुसरी ठेवायला हरकत नाही. 2000 ची गुलाबी नोट वेगळी. ती 19 मे 2023 ला चलनातून मागे घेतली, पण रद्द केलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या ठराविक कार्यालयांत ती स्वीकारली जाते.

माझं सांगणं एवढंच, की घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आताच प्रेमानं विचारा, “काकू, कुठे काही ठेवलंय का?” त्यांनी संसारातून वाचवलेले पैसे असतात ते. डब्यात सडले की त्यांच्या कष्टावर पाणी पडतं.

ताळेबंद

वरच्या पोस्टला जोडून, कागदांबद्दल. सगळ्या घरात खरी छुपी अडगळ फायलींची असते आणि तिच्यातच पैसे अडकलेले असतात. म्हणून कागद ‘जुने दिसतात’ म्हणून टाकू नका, एकेक उलगडा.

बँकेचं खातं किंवा मुदतठेव दहा वर्षं कोणी हाताळली नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते. बुडत नाही, वारस केव्हाही मागू शकतात. वडिलांचं नाव टाकून शोधायला 2023 पासून रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. शेअरचा लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही तर लाभांश आणि शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत वर्ग होतात, तेही अर्ज करून परत मिळतात. कागदी शेअर सर्टिफिकेट सापडलं तर हसून फाडू नका. 1 एप्रिल 2019 पासून ते कागदावर विकता येत नाही, पण वारसाच्या नावावर चढवून डीमॅट करता येतं. किरकोळ वाटणारा कागद कधी कधी घराच्या कर्जाएवढा निघतो.

ठेवायचं काय: खरेदीखत, इंडेक्स दोन, सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचा दाखला, इच्छापत्र हे कायम. घराची खरेदी आणि मोठ्या दुरुस्तीची बिलं घर विकेपर्यंत ठेवा, भांडवली नफा काढताना लागतात. लोक नेमकी हीच फेकतात आणि दहा वर्षांची वीजबिलं सांभाळतात. वॉरंटी संपलेल्या वस्तूची पुस्तिका, एटीएमच्या पुसलेल्या पावत्या, लग्नपत्रिका, मुलांच्या शाळेची जुनी फी कार्डं खुशाल काढा. आधार-पॅनच्या झेरॉक्स अख्ख्या रद्दीत देऊ नका, बारीक फाडून भिजवा.

आणि जोडप्यांना सांगतो, फाइल कुठे आहे ते दोघांनाही माहीत असू द्या. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदा कळतं की खाती किती आणि कुठे होती.

पांढरा_चाफा

सगळ्यांचं वाचलं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. बाबा गेल्यापासून आई काही टाकू देत नाही. सुरुवातीला त्यांचे कपडे होते, आता दुधाच्या पिशव्या, औषधांची खोकी, वर्तमानपत्रं, मंगल कार्यालयातले प्लॅस्टिकचे डबे. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. भावाने एकदा ती गावी गेली असताना खोली रिकामी केली. परत आल्यावर ती दोन दिवस जेवली नाही आणि आता खोलीला कुलूप लावते. मी कॉलेज रोडला, ती पंचवटीत एकटी. रागावू की सोडून देऊ?

उंबरठा

चाफाताई, मी समुपदेशन करते. रागावू नका आणि सोडूनही देऊ नका.

टाकताच न येणं, टाकायच्या विचारानेच जीव घाबरा होणं आणि त्यामुळे राहती जागा वापरता न येणं, याला 2013 पासून मानसोपचाराच्या निदानसूचीत स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. आईंना तोच आहे असं मी इथून म्हणणार नाही. माणूस गेल्यानंतर असं सुरू होणं दुःखाचा भागही असू शकतं, नैराश्य असू शकतं, वयानुसार विसराळूपणाची सुरुवातही असू शकते. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. नेताना ‘खोलीसाठी’ म्हणून नेऊ नका. झोप, भूक, एकटेपणा याबद्दल बोलायला म्हणून न्या.

भावाने केलं ते प्रेमापोटीच असेल, पण पाठीमागे खोली रिकामी केली की नेमकं असंच होतं, धरून ठेवणं वाढतं. आता फक्त सुरक्षिततेपुरतं मागा: दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून संडासापर्यंत वाट मोकळी, गॅस आणि देवाच्या दिव्याजवळ कागद नकोत. एवढं त्या मान्य करतील. वस्तू हातात धरून त्या बोलू लागल्या तर ऐका, घड्याळ बघू नका. शर्ट द्यायला त्या तयार होतील त्या आधी त्या शर्टाची गोष्ट त्यांना कोणालातरी सांगायची असते.

मूळ धाग्यातल्या ‘डोक्यातून जात नाही’ याबद्दल: 2010 साली अमेरिकेत नोकरदार जोडप्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या घराचं वर्णन पसारा, अपुरी कामं असं करणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तितका दिसला नाही. पसाऱ्यामुळेच ताण, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण घर आवरायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, त्यालाच ते घर टोचतं, हे मला रोज समोर दिसतं. त्यामुळे ‘ती जास्त मनाला लावून घेते’ असं म्हणणाऱ्या नवऱ्यांनी एक माळा स्वतः उतरवावा.

पांढरा_चाफा

वाट मोकळी एवढंच मागायचं, हे सुचलंच नव्हतं. रविवारी जाते. धन्यवाद.

येवलेकरीण

दिवाणात पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर हा धागा वाचता वाचता उठा आणि काढा. माहेर विणकरांचं आहे म्हणून सांगते. पिशवीत दमटपणा कोंडतो, जर काळी पडते, रेशमाला डाग पडतात. जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की रेशीम नेमकं घडीवरच चिरतं, पदराला तर आधी. म्हणून दर काही महिन्यांनी उलगडून सावलीत वारा द्या आणि घडी बदला. डांबरगोळी जरीला टेकवू नका, अत्तर तर नाहीच.

फाटलेली पैठणी दारावर जुनी जर घेणाऱ्याला वजनावर देण्याआधी विणकराला दाखवा. पदर आणि काठ शाबूत असतील तर नव्या अंगावर बसवता येतात. आणि नेसायची नसेल तर घरातल्या जिला हौस आहे तिला आताच द्या, मृत्युपत्राची वाट कशाला?

जेलरोडकर

मोड_आणि_माप आणि अंबडवाल्यांचं पटलं. तारखेचं खोकं मीही करून बघतो. मिक्सर मात्र मोडीत घालू नका हो ताई. बहुतेक वेळा कार्बन ब्रश झिजलेले असतात नाहीतर खालचा कपलर तुटलेला असतो, दोन्ही स्वस्तात बदलून मिळतात. आर्मेचर जळालं असेल तरच सोडा. उग्र जळका वास आला होता का बंद पडताना?

इंदिरानगर_गोदाकाठ

वास नव्हता आला काका, नुसता घरघर करून थांबला. उद्याच दाखवते दुरुस्तीवाल्याला.

तसबिरींचं राहिलंच. कोणी सांगू शकेल का? सासूबाई गंगेवर नेऊन ठेवा म्हणतात.

तांबटआळी

गंगेवर नकोच. घाटावर, पिंपळाच्या पारावर फुटक्या काचांच्या तसबिरी कुत्र्यामांजरांच्या पायाखाली येतात, ते देवालाही शोभत नाही आणि नदीलाही सोसत नाही. आमच्याकडे असं करतात: तसबिरीला हळद-कुंकू वाहून, नमस्कार करून निरोप द्यायचा. मग काच, खिळे, चौकट वेगळी काढायची. लाकडी चौकट चांगली असेल तर दुसऱ्या चित्राला वापरायची. कागदाचं चित्र बादलीत पाण्यात एक-दोन दिवस भिजवलं की लगदा होतो, तो तुळशीला नको, बागेतल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पुरायचा, कारण छपाईचा रंग असतो. प्लॅस्टिकचा थर दिलेली असेल तर थर सोलून सुक्या कचऱ्यात. पितळी मूर्ती भंगली असेल तर ती ओतकाम करणाऱ्याकडे द्या, तो वितळवून नवीन काम करतो. सासूबाईंना सोबत बसवून करा, निरोप त्यांच्या हातून होऊ द्या.

इंदिरानगर_गोदाकाठ

हे छान. सर्वपित्रीच्या आधी करू असं त्या म्हणताहेत. एक तसबीर काचेला चिकटलेली आहे, कागद सुटत नाहीये.

तांबटआळी

काचेसकट पालथी कोमट पाण्यात ठेवा, तासाभराने कोपऱ्यातून सुटेल. खेचू नका. तरी नाही सुटली तर तसबीर छापील आहे की हातची ते आधी नीट बघा. जुन्या वाड्यांत काचेवर उलट बाजूनं रंगवलेली चित्रं असायची. ती असेल तर पाण्यात अजिबात घालू नका, फोटो इथे टाका.